बाटल्यांच्या कारखान्यातली अर्जपेटी

मी एक जुनी अर्जपेटी आहे, मित्रांनो. पत्र्याची, राखाडी, वर एक फट आणि पुढे कुलूप. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात, हजेरीच्या खिडकीशेजारी मला चार स्क्रूंनी बसवले, तेव्हा माझे बरेच कौतुक झाले. साहेबांनी भाषण केले. ज्याला म्हातारपणी पेन्शन हवी, त्याने अर्ज भरून माझ्यात टाकायचा. मग पगारातून थोडे कापले जाईल आणि तेवढीच भर कारखाना घालील.

चारशे कामगारांपैकी एकतीस जणांचे अर्ज आले. पुढच्या वर्षी तेवढेही नाहीत. नको असे कोणीच म्हटले नव्हते. कामगार माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले. त्यांचे गोल डाग अजून आहेत.

बाटल्या उजेडासमोर धरून तडे शोधणारी एक बाई होती. तिला सगळे मावशी म्हणत. केसाएवढा तडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. दर वर्षी ती कोरा अर्ज न्यायची.

"मावशी, मागच्या अर्जाचं काय केलंत?" हजेरी कारकून विचारायचा.

"डब्याखाली घातला. गळतो रे मेला."

"आणि हा?"

"हा भरते की! म्हातारी व्हायला वेळ आहे मला अजून."

सगळे हसायचे. मावशी साठ वर्षांची झाली आणि अर्ज न भरताच निवृत्त झाली. महिन्याभरात ती तिथेच रोजंदारीवर झाडायला आली.

पुढच्या वर्षी नियम सुधारला. आता प्रत्येक कामगार आपोआप योजनेत. ज्याला नको असेल, त्यानेच अर्ज टाकायचा. माझ्यावर नवा कागद चिकटवला. फट तीच, माणसे तीच. नऊ अर्ज आले. आळस तेवढाच होता, फक्त आता तो त्यांच्या बाजूने होता.

नववा अर्ज मावशीच्या मुलीचा. ती पॅकिंगमध्ये होती.

"आई, आत्ताचंच भागत नाही. तेव्हाचं तेव्हा बघू," ती म्हणाली.

मावशीने केरसुणी थांबवली. "मीपण तेव्हाचं तेव्हा बघणार होते. आता बघतेय."

शनिवारी कारकुनाने माझे कुलूप उघडले, तेव्हा मुलगी खिडकीशी उभी होती. तिने आपला अर्ज परत मागितला आणि तिथेच फाडला. मावशीने खाली पडलेले तुकडे केरात ओढले आणि पुढचा भाग झाडायला घेतला. निवृत्त झालेल्यांना नवा नियम लागू नव्हता.

मला आनंद झाला असे म्हणता येणार नाही, वाईट वाटले असेही नाही. मी पत्रा आहे. पण तुम्ही माणसे आहात, मित्रांनो. तुमच्या घरात जे कमावतात, त्यांना आज एवढेच विचारा, "तुमच्या म्हातारपणाची सोय केलीत का?" आणि 'उद्या करू' असे उत्तर आले, तर त्यांच्यासमोरून हलू नका.