चळतीतले शेवटचे गाणे

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. किती जुना, ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. माझ्या हाताच्या टोकावर, सुईच्या बरोबर वर, दहा वॉनचे एक कोरियन नाणे चिकटवलेले आहे. तो दागिना नाही. सुई उडू नये म्हणून ठेवलेले ते वजन आहे. पण इतकी वर्षे अंगावर वागवल्यावर मीही त्याला दागिनाच समजू लागलो आहे.

माझा जन्म सोलमधल्या एका अरुंद गल्लीत, एका कारागिराच्या टेबलावर झाला. मोटर एका मोडक्या यंत्राची, थाळी दुसऱ्याची आणि हात तिसऱ्याचा. त्यामुळे घराण्याची चौकशी झाली की मी आपला गप्प बसतो. मला पहिल्यांदा वाजवून पाहिले तेव्हा तो कारागीर म्हणाला होता, "थंडीत जरा कुरकुरेल. पण गळा चांगला आहे." माझ्याबद्दल एवढे खरे कोणीच बोललेले नाही.

तिथून मी आगगाडीने चोंजू शहरात आलो, 'उन्हासू' नावाच्या चहाघरात. नाव चहाघर, पण विकली जायची मुख्यतः कॉफी, सकाळी अंड्याचा बलक घालून. मध्यभागी कोळशाची शेगडी, भोवती टेबले आणि एका कोपऱ्यात काचेची पेटी. त्या पेटीत मी, माझ्या शेजारी माझा जोडीदार प्लेअर, पाठीमागे भिंतभर दोन हजार तबकड्या आणि समोर डीजे. डीजे म्हटले की तुम्हाला भिंती हादरवणारे कर्णे आठवतील. आमचे डीजे तसे नव्हते. गिऱ्हाईक चिठ्ठीवर फर्माईश लिहायचे, दोन ओळींत मनातले दुःख नाहीतर सुख लिहायचे आणि चिठ्ठी काचेच्या भोकातून आत सरकवायचे. डीजे ती हळू आवाजात वाचून दाखवायचा आणि गाणे लावायचा.

आमच्याकडे डीजे दोन. बारा ते तीन दोकसू आणि तीन ते सहा इनसुक.

दोकसूचे केस मानेपर्यंत, विजारीच्या मागच्या खिशात कंगवा. आवाज असा, की त्याने नुसते हवामान सांगितले तरी कोपऱ्यातल्या कॉलेजच्या पोरी लाजायच्या. इनसुकचा आवाज साधा होता. तिने याच चहाघरात दोन वर्षे ट्रे उचलले, घरी शब्दकोश घेऊन परदेशी गाण्यांचे शब्द लावले आणि मग कुठे तिला पेटीत जागा मिळाली. चोंजूच्या चहाघरांत पेटीत बसलेली ती पहिलीच मुलगी होती. गाणी निवडावीत तिनेच. समोरची माणसे पाहून ती अशी एकामागून एक गाणी गुंफायची, की लोकांची कॉफी थंड होऊन जायची. जमलेला क्रम मग ती पुढचे काही दिवस तसाच ठेवायची.

खरे सांगू? तरी माझा जीव दोकसूवर जास्त होता. तो आल्याबरोबर रुमालाने माझी धूळ आणि ब्रशने सुई पुसायचा आणि थंडीत माझी थाळी हाताने हळूहळू फिरवून मला ऊब आणायचा. इनसुक मात्र सुईवरचा कचरा अंगठ्याने उडवायची. अंगठ्याने!

त्या हिवाळ्यात मालकीण प्यो बाईंनी जाहीर केले, की वसंतापासून पेटीत एकच डीजे बसेल. आणि त्याच सुमारास कू गुरुजींची चिठ्ठी आली. हे निवृत्त शिक्षक रोज जेवून यायचे आणि संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसायचे. इनसुकने चिठ्ठी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. लिहिले होते: "पोरी, हीच गाणी, याच क्रमाने, दुपारी दोकसूने लावली होती. तुझं स्वतःचं काही नाही का?"

दोन दिवसांनी मालकीणबाईंनी तिला गल्ल्यापाशी बोलावले. पेटीचे दार उघडेच होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"इनसुक, लोक म्हणतात तू दोकसूची नक्कल करतेस."

"मी? बाई, तो माझी करतो!"

"बारा आधी वाजतात की तीन?"

इनसुकचे कान लालबुंद झाले. तीन वाजता पेटी ताब्यात घेताना तिने दोकसूला गाठले.

"दादा, माझी गाणी का लावतोस?"

दोकसूने कंगवा काढला. "गाण्यांवर काय तुझं नाव कोरलंय? चांगली गाणी सगळ्यांचीच असतात."

"गाणी सगळ्यांची असतील. क्रम माझा आहे."

"बरं बाई, क्रम तुझा," तो हसून म्हणाला आणि केस विंचरत निघून गेला. मला तेव्हा माणसांशी बोलता आले असते तर मी सगळे सांगून टाकले असते. कारण त्याची चोरी रोज माझ्या डोळ्यांदेखत होत होती. इनसुक वाजवलेल्या तबकड्या एका स्टुलावर रचत जायची. पहिली सगळ्यात खाली, शेवटची सगळ्यात वर. त्या दुसऱ्या दिवशी जागेवर लावायच्या, अशी चहाघराची रीत. दोकसू दुपारी यायचा, ती चळत उचलून उलटी करायचा आणि वरून एकेक लावून तळाशी सरकवत जायचा. झाला क्रम! चिठ्ठ्यांतली बहुतेक गाणी त्या ओघातच येऊन जायची.

शेवटी इनसुकच्याही ते ध्यानात आले. कॉफीचा डाग पडलेले तबकडीचे एक पुठ्ठे तिने चळतीच्या तळाशी ठेवले होते, ते दुसऱ्या दिवशी तिला वर सापडले. त्या संध्याकाळी तिने एकूण एक तबकडी स्वतः कप्प्यात लावली, स्टूल रिकामे केले आणि हात झटकत म्हणाली, "आता बघते उद्या काय वाजवतोस ते."

मलाही मनातून गंमत वाटली होती, मित्रांनो. दुसऱ्या दिवशी त्या गमतीची लाज वाटली.

दोकसू आला. मला पुसले, थाळी फिरवली, सवयीने स्टुलाकडे हात नेला. स्टूल रिकामे. तेवढ्यात भोकातून चिठ्ठ्या यायला लागल्या, एक, तीन, सात. सगळ्या परदेशी गाण्यांच्या. तेव्हा कॉलेजच्या मुलांना देशी गाणी गावंढळ वाटायची. ती खालच्या कप्प्यात धूळ खात पडलेली असत. त्याने चिठ्ठ्या वाचल्या, त्या कोरियन लिपीत होत्या. मग तो भिंतीकडे वळला. एक तबकडी काढून पाहिली, परत ठेवली. दुसरी काढली, परत ठेवली. शेवटी पुठ्ठ्यावर लाल होडीचे चित्र असलेली, होडीच्याच गाण्याची एक तबकडी त्याने ओळखली आणि लावली. ती संपली. त्याने तीच पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा.

"अहो डीजे, ती होडी बुडाली की नाही अजून?" कोणीतरी ओरडले आणि सगळे चहाघर हसले.

त्याची बोटे माझ्या हातावर थरथरत होती. सुई तबकडीवर घसरली आणि असा कर्कश ओरखडा उमटला, की माझेच दात आंबले.

इनसुक त्या दिवशी मुद्दाम एक वाजताच येऊन बसली होती, तमाशा बघायला. समोर कॉफी, चेहऱ्यावर हसू. मग तिने पाहिले, की दोकसूने एक तबकडी डोळ्यांजवळ धरली आहे आणि तिच्यावरची इंग्रजी अक्षरे उलटी आहेत. तिचे हसू मावळले. गल्ल्यामागून मालकीणबाई उठल्या होत्या आणि पेटीकडे निघाल्या होत्या. इनसुक नुसती बसून राहिली असती तरी वसंतात पेटी तिचीच होती.

ती उठली आणि मालकीणबाईंच्या आधी पेटीत शिरली.

"सरक."

"बघायला आलीस ना? बघ पोटभर," दोकसू पुटपुटला.

"चिठ्ठी दे इकडे. हे होय? तिसरा कप्पा, निळं पुठ्ठं. हां, तेच. लाव." मग तिने आवाज खाली आणला. "तुला ही अक्षरं येत नाहीत?"

"चौथीत शाळा सुटली. आपली लिपी येते, ही नाही येत. पूर्वी देशी गाण्यांवर भागायचं. बाईंनी आवाज ऐकून घेतलं मला. वाचता येतं का, ते कोणी विचारलंच नाही."

"मग मला विचारायचं होतंस, दादा."

"तू ट्रे उचलत होतीस तेव्हा मी या पेटीत बसत होतो. कुठल्या तोंडाने विचारू?"

काचेवर टकटक झाली. "काय चाललंय?" मालकीणबाईंचा आवाज. "इनसुक, तुझी वेळ तीनची आहे ना?"

इनसुकने काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. पण दोकसूने तिला हाताने थांबवले आणि माइक जवळ ओढला. तो मधाळ आवाज त्या दिवशी पार कोरडा पडला होता.

"मंडळी, गेला महिनाभर दुपारी मी लावलेली गाणी आदल्या दिवशीची इनसुकची होती. निवड तिची, क्रम तिचा. मी फक्त चळत उलटी करायचो. नक्कल मी केली. तिने नाही."

मग खिडकीशी बसलेल्या कू गुरुजींनी चमच्याने कप वाजवला, एकदा, दोनदा, आणि हळूहळू सगळी टेबले वाजू लागली. मालकीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "वसंताचं वसंतात बघू," त्या म्हणाल्या आणि गल्ल्याकडे वळल्या. वसंत आला, गेला. त्यांनी तो विषय काढला नाही आणि त्यांना आठवण करून देण्याइतके कोणी मूर्ख नव्हते.

त्या दिवसापासून इनसुक बाराला यायला लागली. दोकसूने ओळखीसाठी पुठ्ठ्यांच्या कडांवर छोटी चित्रे काढली, कुठे छत्री, कुठे चंद्र, कुठे आगगाडी. इनसुक त्याला इंग्रजी अक्षरे शिकवायची. आणि तिने एक अट घातली.

"माझी चळत खुशाल उलटी कर. पण शेवटचं गाणं तुझं. ते माझ्या चळतीतलं नको."

पहिल्या दिवशी दोकसू घामाघूम झाला. मग त्याने कू गुरुजींकडे पाहिले, खाली वाकला आणि धुळीच्या कप्प्यातून नावाड्याचे एक जुने देशी गाणे काढले. कॉलेजची मुले आधी खिदळली. पण गुरुजी गुणगुणू लागले, मग मालकीणबाई आणि शेवटी पोरेही. दुसऱ्या दिवशी इनसुकने तेच गाणे तीन वाजता लावले. दोकसू काचेबाहेरून ओरडला, "चोर!" आणि ती पहिल्यांदा मोकळी हसली. त्याच आठवड्यात तिने माझी सुई ब्रशने पुसली. तेही तिने त्याच्याकडूनच उचलले होते.

पुढे कॅसेटी आल्या. 'उन्हासू' बंद पडले, पेटीची काच फुटली आणि मी एका भंगारवाल्याच्या गोदामात पंख्याखाली दबलो. किती वर्षे, कोण जाणे. उंदरांनी माझा थाळी फिरवणारा पट्टा खाल्ला. अंधारात वाईट वाटायचे, ते भंगार झाल्याचे नव्हे, तर आता ऊब द्यायला कोणी येणार नाही याचे.

आणि एक दिवस एक रुमाल माझ्यावरून फिरला. मी डोळे मिटून ओळखला असता तो हात. दोकसूचे केस विरळ झाले होते, पण कंगवा मागच्या खिशात होताच. "नाणं अजून आहे रे तुझं," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने मला नवा पट्टा घातला आणि 'उन्हासू' होते त्याच गल्लीत गाणी ऐकण्याची एक लहानशी खोली उघडली. काचेला भोक मात्र आठवणीने ठेवले.

मित्रांनो, जुनी वस्तू बंद पडली की फेकण्याआधी तिच्यावरून एकदा रुमाल फिरवा. आणि तुमचे कोणी उचलले तर जरूर भांडा, पण भांडता भांडता त्याच्या हातांकडेही एकदा पाहा. ते थरथरत असतील. माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे.

खोली उघडली त्या दुपारी पहिली चिठ्ठी आली, सोबत अकरा तबकड्यांची चळत. दोकसूने चष्मा लावून वाचले: "उलटी करून लाव. शेवटचं तुझं." काचेपलीकडे पांढऱ्या केसांची इनसुक कॉफीतला बलक ढवळत बसली होती.

त्याने अकरा गाणी तिच्या क्रमाने लावली. बारावे शोधायला तो भिंतीकडे वळला. या वेळी चित्रे नव्हती. पुठ्ठ्यांवरची इंग्रजी अक्षरे बोटाने एकेक करून तो वाचत गेला, एका पुठ्ठ्याशी थांबला आणि माइकवर गाण्याचे नाव खणखणीत आवाजात म्हणाला.

इनसुक भोकाशी वाकली. "उच्चार चुकला, दादा."

"तुझीच नक्कल आहे," दोकसू म्हणाला आणि त्याने माझी सुई अलगद खाली ठेवली.