टोपीचे शहाण्णव टाके

त्या घरात दोन जावा होत्या. दोघींच्या हातात तीस वर्षं लोकर होती, पण दोघींची तोंडं दोन दिशांना. थोरली सुयांवर विणायची. धाकटी क्रोशावर, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या त्या एकट्या बुटक्या सुईवर. थोरलीचे स्वेटर निम्म्या गल्लीच्या अंगावर होते. धाकटीच्या जाळ्या रेडिओवर, फ्रिजवर, फुलदाणीखाली आणि एकदा तर इस्त्रीवरही सापडल्या होत्या. "भोकं पाडायची आणि त्यांच्याभोवती दोरा फिरवायचा, याला म्हणे कला म्हणतात," असं थोरली म्हणायची आणि धाकटी हसून सोडून द्यायची. सोडून देण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

थोरलीचं पाहणंच कडक. कुणी काही विणून आणलं की आधी ती ते उलटं करायची. "सुलटी बाजू पाहुण्यांना दाखव, मला उलटी दाखव." मग बोट फिरवत सांगायची, इथे तू मध्येच उठली होतीस, इथे कुणाशी तरी वाजलं होतं. ते खरं निघायचं, हीच त्यातली वाईट गोष्ट. घरात थोरलेही होते, पण ते चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे गृहस्थ; त्यांचा या हकिकतीत काही उपयोग नाही.

तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी थोरली नातीसाठी टोपी विणत बसली होती. टोपी गोल, म्हणून चार सुयांवर: तीन सुयांवर टाके, चौथी फिरती. फेरा पुरा झाला आणि तिचा डावा हात मांडीवर पडला तो तिथेच राहिला. दवाखाना झाला, औषधं झाली. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय काठीच्या आधाराने चालू लागला. हात मात्र परत आला नाही. व्यायाम शिकवायला येणारी बाई खोटा धीर देणारी नव्हती. "थोडाफार उचलता येईल," ती म्हणाली, "पण बोटांच्या बारीक कामाची आशा धरू नका."

टोपी खिडकीतल्या टोपलीत पडून राहिली, तीन सुयांवर बत्तीस-बत्तीस टाके घेऊन. तिला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम होता. समोरच्या शिंपीणबाई "मी पुरी करून देते" म्हणाल्या, तर थोरलीने त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पुढे पुढे तर ती टोपलीकडे बघेनाशी झाली. एका दुपारी ताट उचलताना धाकटीच्या लक्षात आलं की भाजीत मीठच पडलेलं नाही आणि थोरली ती मुकाट्याने जेवली आहे. ज्या बाईने तीस वर्षांत एक पोळी नावं न ठेवता खाल्ली नव्हती, ती अळणी भाजी संपवून बसली होती.

"ताई, मीठ नव्हतं हो त्यात."

"असेल," थोरली म्हणाली. "हात गेला, म्हणजे मी गेले गं. आता हे गाठोडं उरलंय, त्याला जेवण पोचलं म्हणजे झालं."

ती हे रडून म्हणाली असती तर धाकटीने समजूत काढली असती. ती हवापाण्याबद्दल बोलावं तशी बोलली. धाकटीला त्या दिवशी कळलं की आपण हिला गमावत चाललो आहोत, आणि तेही डोळ्यांदेखत.

आठ दिवसांनी धाकटीने तिच्या मांडीवर एक तुकडा ठेवला. तळहाताएवढा, करड्या लोकरीचा.

"हे कुणी विणलं असेल, सांगा."

थोरलीने उजव्या हाताच्या बोटाने तो चाचपला. इंग्रजी व्हीसारखे टाके, एकावर एक, सरळ उभ्या रांगांत. "हात घट्ट आहे," ती म्हणाली. "पण रांगा सरळ आहेत. शिंपीणबाईंच्या सुनेचं?"

"माझं."

"तुला कधीपासून सुया धरता यायला लागल्या?"

"सुया नाहीत. क्रोशावर केलंय."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं ते खोटं बोलणाऱ्या पोराकडे पाहतात तसं. मग सवयीने तुकडा उलटला. सुयांच्या विणीत मागे आडव्या गाठींच्या ओळी यायला हव्यात. इथे त्या नव्हत्याच, तिरपे दाणे होते, दाटीवाटीने बसलेले. थोरलीने तुकडा पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा केला. तिसऱ्यांदा उलटताना तिचं बोट थबकलं.

"दाखव," ती म्हणाली.

धाकटीने क्रोशा काढला. यात तिची हुशारी काही नव्हती, चूक होती, आणि ती तिने तशीच सांगितली. थोरली दवाखान्यात आत होती तेव्हा धाकटी बाहेरच्या बाकावर बसून मुके खांब घालत होती. मुका खांब म्हणजे क्रोशाचा सगळ्यात बुटका टाका, बालवाडीतला. त्याच्या डोक्यावर साखळीसारखे दोन धागे असतात. क्रोशा त्यांच्याखालून घालायचा, असं जगातली प्रत्येक बाई शिकते. त्या दिवशी धाकटीचे डोळे दारावर होते. क्रोशा डोक्याखालून न जाता खांबाच्या दोन पायांच्या मधून गेला. एक अख्खा फेरा तसाच गेला. एरवी तिने तो उसवला असता. त्या दिवशी उसवायचंही सुचलं नाही.

"हे बघा, ताई. समोरून प्रत्येक खांबाला दोन पाय दिसतात. त्यांच्या बरोबर मध्ये शिरायचं. मग नवा खांब जुन्याच्या पोटातून वर येतो."

एक खांब वर आला. त्याच्या शेजारी दुसरा. फेरा वळला आणि खालच्या व्हीच्या आतून वरचा व्ही उगवला, त्याच्या आतून आणखी एक. थोरली पुढे वाकली. ना तिने नावं ठेवली, ना कौतुक केलं. धाकटीचे हात चालत होते, पण तिचं लक्ष थोरलीच्या चेहऱ्याकडे होतं, कारण असा चेहरा तिने तीस वर्षांत पाहिला नव्हता. देवासमोर उभी असतानाही थोरली हिशेब मागायला आल्यासारखी उभी राहायची. आता तिचं तोंड लहान मुलीसारखं उघडं राहिलं होतं.

"इतकी वर्षं ती जागा तिथेच होती?" तिने विचारलं.

"तिथेच."

"आणि कुणी आत शिरलं नाही."

"कुणी शिरलं असेलही. आपल्याला कुठे माहीत?"

थोरलीने तुकडा दोन बोटांत धरून वाकवला. "पण हे कापड नाही, पुठ्ठा आहे. नातीच्या डोक्यावर घालायचंय की दाराला अडसर लावायचाय? जाळ्या विणून विणून हात आवळलाय तुझा. दोन नंबर जाड क्रोशा घे. आणि धागा ओढू नकोस, त्याला येऊ दे."

धाकटीने मान खाली घातली, कारण तिला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. थोरलीने नावं ठेवली होती.

जाड क्रोशा आला. तीन दिवस थोरली बसून शिकवत होती आणि धाकटी, जिचा तो टाका होता, ती शिकत होती. सैल सोडायचं म्हणजे सोडून द्यायचं नाही. प्रत्येक टाक्याला श्वास घेता येईल एवढी जागा द्यायची. हे सुयांवरचं ज्ञान होतं आणि ते क्रोशाला लागू पडलं, तेव्हा कापड मऊ झालं. धाकटीने ते गालाला लावून पाहिलं. आपल्या हातून हे निघालं यावर तिचा विश्वास बसेना.

चौथ्या दिवशी तिने क्रोशा थोरलीच्या उजव्या हातात ठेवला.

"सुयांना दोन हात लागतात, ताई. याला एक पुरतो."

"आणि काम कोण धरणार? तुझा नवरा?"

खरंच त्यानेच धरलं. धाकटीचा नवरा सुतार. त्याने खुर्चीच्या हाताला एक लाकडी चिमटा बसवला, आतून जाड मऊ कापड लावलेला, आणि शेजारी धागा अडकायला एक खुंटी. "वहिनी, पेच जास्त आवळू नका," एवढंच सांगून तो कामाला निघून गेला.

पहिला टाका पाव तास घेऊन पडला. दुसऱ्याला क्रोशा थोरलीच्या हातून निसटून पलंगाखाली गेला. तिसऱ्याला तिने तो स्वतःच फेकला आणि म्हणाली की हे खेळ नवशिक्या पोरींना द्या. धाकटीने तो उचलून पुसला आणि पुन्हा हातात दिला. हसून सोडून देणाऱ्या बाईने या एका बाबतीत काहीच सोडलं नाही. पंधरा दिवस असे गेले. सोळाव्या दिवशी चिमट्यात चार बोटं रुंद पट्टी होती, रांगा वाकड्या, एका कडेला उतरलेल्या, पण व्ही म्हणजे व्ही. थोरलीने ती उलटून पाहिली आणि स्वतःलाच नावं ठेवली.

मग म्हणाली, "टोपली आण."

धाकटीने टोपली आणली, पण हातातून सोडली नाही. टोपीचे टाके सुयांवर जिवंत होते. सुई काढताना एक जरी निसटला तर तो खालच्याला घेऊन, खालचा त्याच्या खालच्याला घेऊन, थेट टोपीच्या कडेपर्यंत उसवत जाणार. थोरलीच्या दोन हातांनी केलेलं हे शेवटचं काम होतं. त्याची दुसरी प्रत आता जगात होणार नव्हती.

"आधी दुसऱ्या कशावर करून बघू या का, ताई?"

"बघून झालं. टोपीची कड चिमट्यात दे. तू सुई धर. मी टाका उचलला की तेवढाच पुढे सरकव. एका वेळी एक."

धाकटी खुर्चीच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसली. थोरलीने क्रोशा पहिल्या टाक्यात घातला, धागा ओढून आणला, खांब पुरा केला. धाकटीने सुई केसभर मागे घेतली. टाका सुटला आणि पडला नाही. तो क्रोशाच्या खांबाच्या पायाशी बसला, जणू त्याची जागा कायमची तीच होती. मग दुसरा. दहाव्या टाक्यापाशी धाकटीने नीट दिसावं म्हणून सुई जराशी तिरकी केली.

"हात हलवू नकोस," थोरली म्हणाली.

बत्तीस झाले तेव्हा पहिली सुई रिकामी होऊन खाली पडली आणि दोघींपैकी कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही. क्रोशा शिरायचा, सुई सरकायची, पुन्हा शिरायचा. धाकटीला आता थोरलीने सांगण्याच्या आधीच कळत होतं की कधी सरकवायचं आणि किती. दुसरी सुई पडली. खिडकीतलं ऊन खुर्चीच्या पायांपर्यंत आलं. तिसऱ्या सुईचे शेवटचे टाके ढिले होते, त्या सकाळचे. हात पडण्याआधीच त्याला कळलं असावं. थोरली तिथे क्षणभर थांबली, मग तिने तेही उचलले.

शहाण्णव. एकही गळला नाही.

थोरलीने चिमट्याचा पेच सैल केला. टोपी मांडीवर घेऊन तिने सुलट्या बाजूवरून बोट फिरवलं. सुयांचे व्ही वर चढत आले आणि क्रोशाचे व्ही सुरू झाले, आणि तिचं बोट त्यावरून मागे-पुढे फिरत राहिलं, कारण तिला सांधा सापडेना. गल्लीतल्या प्रत्येक बाईचा उसवलेला टाका ओळखणाऱ्या बोटाला ती जागा सापडेना. टोपी उलटून बघायचं तिला सुचलंही नाही.

धाकटीने आपला आखडलेला हात खाली घ्यायला सुरुवात केली. तीन तास एकाच उंचीवर धरलेला तो हात मुंग्या येऊन बधिर झाला होता.

"असू दे तिथेच," थोरली म्हणाली. ती टोपीकडेच बघत होती. "अजून वरचे फेरे आहेत. मला तो हात लागेल."