वरचा, डावा, पुढचा

कवळीच्या गुलाबी पट्टीवर एकटाच बसलेला खोटा दात तिच्या तळहातावर होता. वरचा, डावा, अगदी पुढचा. कोलाच्या बिया चघळून चघळून तांबूस झालेला. तो पाहिला की लष्करी दंतवैद्य लेफ्टनंट कर्नल झिफा अग्बेकोला आधी आठवायचं ते हेच, की याच्या जागचा खरा दात उपटला तेव्हा आपल्या पदरात काय पडणार होतं…

तेव्हा ती मेजर होती. शांतिसेनेच्या तुकडीचं विमान आठ दिवसांवर आलेलं आणि तिच्या टेबलावर एकशे वीस जबड्यांची यादी. दुखरा दात घेऊन कुणी परदेशी जायचं नाही, हा नियम. आणि एकशे वीसच्या एकशे वीस ‘योग्य’ अशी यादी वेळेत वर गेली तर वरच्यांच्या लक्षात आपलं नाव राहील, हा तिचा हिशेब. दात वाचवायचा तर तीन खेपा, मध्ये आठ-आठ दिवस. उपटायचा तर दहा मिनिटं. तामालेच्या छावणीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अर्धी पलटण स्वतःच म्हणायची, उपटून टाका मॅडम, विमान चुकायला नको — गावाकडच्या घराचे पत्रे परदेशातल्या भत्त्यावर, म्हणजे त्या विमानावरच तर अवलंबून असायचे. कार्पोरल अवुनीही तसंच म्हणाला होता. हे खरं. पण त्याच्या कार्डावर, नावाच्या खाली, कामाच्या रकान्यात ‘बँड — बिगुल’ असं लिहिलेलं होतं आणि ते तिने वाचलं होतं, हेही खरंच. पुढच्या दाताविना बिगुल वाजत नाही हे ठाऊक असून वाचलं… आणि मग पक्कड उचलली.

“हलते का ही पट्टी?” आज, नऊ वर्षांनी, तिने विचारलं.

“फुंकलं की हलते, मॅडम. जेवताना अगदी शहाण्यासारखी वागते.” खुर्चीत रेललेला अवुनी आता सार्जंट होता, बँडमध्ये मोठा ढोल बडवायचा.

“ढोलवाल्याला दात कशाला रे हवेत?” ट्रे ठेवता ठेवता नर्स मिसेस लार्टे म्हणाली.

“बायकोला उलट उत्तर द्यायला, मावशी.”

“तुझ्या बायकोपुढं बत्तीसच्या बत्तीस असते तरी उपयोग नव्हता.”

तो हसला, पट्टीविना, मधल्या भोकातून. उद्या म्हाताऱ्या बँडमास्तरांना पुरायचं होतं. अवुनीच्या ओठांना बिगुल त्यांनीच शिकवला होता, आणि मरताना त्यांनी बजावलं होतं — माझ्या खड्ड्याशी वाजवील तर अवुनीच. नऊ वर्षांत हा बिगुलाला शिवलेला नाही, हे त्यांना ठाऊक नसेल? असणारच… मग ती माफी होती, की शिक्षा? आणि कुणाला?

तिने तार वाकवली, कड घासली, पट्टी बसवली. अवुनी खिडकीशी गेला. बाहेर हरमटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ, तिच्यात झेंड्याची काठी अर्धीच दिसणारी. त्याने बिगुल ओठांना लावला. खालचे सूर आले, थोडे गंजलेले, पण आले. मग सूर वर चढला आणि तिथे नुसती हवाच निघाली, फस्सकन. तीनदा तेच.

“होईल,” ओठ पुसत तो म्हणाला. “वरचा एकच तर सूर आहे. तिथपर्यंत लोक रडायला लागलेले असतात.”

“अवुनी, त्या वेळी मी —”

“तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मॅडम. तुम्ही तर सांगितलं होतं. ‘थांब, दात वाचेल, सहा महिन्यांनी पुढच्या विमानाने जा,’ म्हणून. मीच हट्टाला पेटलो. मी सगळ्यांना सांगतो — मॅडमनी बजावलं होतं, गाढव मी.”

मिसेस लार्टेने मान डोलावली. तिनेही हे कितीदा तरी ऐकलेलं असावं.

सांगितलं होतं? झिफाने ती दुपार पुन्हा उघडून पाहिली — करकरणारा पंखा, त्याचा आ वासलेला जबडा, रकान्यातला तो शब्द, आणि आपला आवाज… कुठेच नाही. मी एक शब्दही बोलले नव्हते. तोंड उघड, एवढंच. आता बोलावं तर समोर हा, एका नसलेल्या इशाऱ्यावर नऊ वर्षं भरवसा ठेवून बसलेला. आणि न बोलावं तर…

“उद्या सकाळी ये,” ती म्हणाली. “पुन्हा घट्ट करून देते.”

तो सलाम ठोकून गेला. इतकी वर्षं ती मानत आली होती की दात त्याने दिला, बिगुल त्याने दिला, पण दोष तरी आपल्या नावावर आहे. आणि त्या दोषाला धरून तिला थोडंफार ताठ बसताही येत होतं. आज कळलं, तो दोषही अवुनीच आपल्या अंगावर घेत आला होता, दारोदार सांगत, हसत. तिच्या खांद्यावर फक्त बढतीचा तारा होता.