घटापुढचा दिवा

सिनेमातल्या नास्तिक मुलाने देवळाच्या पायरीवर लोटांगण घातलं आणि न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या त्या लहानशा थिएटरातली अर्धी मंडळी डोळे पुसू लागली, तेव्हा दीनानाथ ताडकन उठले. सिनेमा तमिळ, खाली इंग्रजी अक्षरं. तिकिटं शेजारच्या तमिळ डॉक्टरांनी प्रेमाने दिलेली. पुजारी बाप, देव न मानणारा मुलगा आणि दोघांमध्ये भरडून निघणारी आई. दोन तास दीनानाथांना तो मुलगा सख्ख्या भावासारखा वाटला होता, आणि आता आईच्या ऑपरेशनपायी त्याने नाक घासलं.

"शेवटी शरण आणलंच त्याला! नास्तिक माणूस ताठ मानेने घरी गेलेला कधी दाखवणार हे लोक?" गाडीत बसता बसता ते म्हणाले.

"आई वाचली ना त्याची," सुनेत्रा एवढंच म्हणाली. तिचा रुमाल ओला होता.

नवराबायकोचं हे भांडण जुनं होतं. पुण्यात असताना एका नवरात्रात सुनेत्राच्या हातून अखंड दिवा विझला आणि त्याच आठवड्यात त्यांचं पहिलं बाळ गेलं. एकाच दुःखातून तिने देवी घट्ट धरली आणि त्यांनी देव सोडला. दीनानाथ फार्मासिस्ट, बाळाच्या हृदयाला छिद्र होतं हे त्यांना माहीत होतं. ते तिला समजावत, ती ऐकून घेई, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दिवा लावी. तिला देवीची भीती वाटते, असं ते धरून चालले होते. मग जुई झाली, न्यूझीलंड झालं, दिवाही सोबत आला.

२०१६ सालचं ते नवरात्र. घट बसले आणि लगेच जावयाचा, सुयशचा, ख्राइस्टचर्चहून फोन आला. जुईला आठवा महिना, ब्लडप्रेशर वाढलेलं, अ‍ॅडमिट केलं होतं. सुनेत्राने बॅग भरली खरी, पण पाय निघेना. घट बसलेलं घर कुलूप लावून सोडत नाहीत.

"अहो, हात जोडू नका, आरती करू नका. फक्त तेल घाला."

"डोस समजून घालीन," दीनानाथ म्हणाले.

देव न मानणाऱ्या त्या माणसाने देवीसाठी रजा काढली. बॉसला काय कारण दिलं, हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. लाकडी घर, बाहेर वसंतातला पिसाट वारा. दाराच्या फटीला त्यांनी टॉवेल लावला. तेल ते सिरिंजने मोजून घालत आणि आपल्या कामावर खूश होत.

एका सकाळी असंच तेल घालताना फोन वाजला.

"जुईला थिएटरमध्ये नेतायत," सुनेत्रा म्हणाली. "सिझेरियन करणार. बाळाचे ठोके मंदावलेत हो."

दीनानाथांचा अंगठा सिरिंजवर दाबला गेला. तेल भसकन पडलं, वात बुडाली, दिवा विझला.

"दिवा आहे ना?" तिने विचारलं.

आपण कधी खोटं बोलत नाही, याचा दीनानाथांना भारी तोरा होता. "आहे," ते म्हणाले. फोन खांद्याने कानाशी दाबून त्यांनी वात वर ओढली आणि काडी पेटवली. "छान तेवतोय."

"बरं. जुईला सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. "देवीने राखलं!" सुनेत्रा फोनवर हसत रडत होती.

दीनानाथ दिव्यापुढे बसून राहिले. इतकी वर्षं वाद घालून जे मिळालं नव्हतं, ते हुकमाचं पान आज हातात होतं: दिवा विझला आणि काहीही वाईट झालं नाही. पण हे सांगितलं, तर नातीला साधा ताप आला तरी हिचा जीव टांगणीला लागेल. ते पान त्यांनी टाकलं नाही. मात्र खोटं बोलल्याची बोच काही जाईना.

दसऱ्याला सुनेत्रा एका दिवसासाठी घट उठवायला आली. घटाचं धान पिवळंधमक, वीतभर वाढलं होतं. ती ते हलकेच उपटत असताना दीनानाथांना राहवेना.

"सुनेत्रा, तुला एक सांगायचंय."

"काडीचं ना?" तिने वर पाहिलं नाही. "फोनवर ऐकू आली मला."

"मग जुईला काय सांगितलंस?"

"दिवा आहे म्हणून. बाबांनी सांगितलंय म्हणून."

"आणि तू?"

"मी बाहेर बाकावर बसून मेले." तिचे हात थांबले. "मग बाळ रडलं. अहो, दिवा विझला होता, तरी बाळ रडलं. म्हणजे आपला तो... तोही माझ्या हातून गेला नव्हता."

दीनानाथ घटापुढे खाली बसले. हृदयाचं छिद्र त्यांनी तिला कितीदा समजावलं होतं; ती स्वतःला दोष देतेय का, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि रडू फुटलं. ती जवळ येऊन बसली.

मग धानाचा एक तुरा घेऊन ती उठली.

"लोटांगण नाही घालणार हं मी," डोळे पुसत उठून ते म्हणाले.

"सांगितलंय कुणी? कान इकडे करा."

सुनेत्रा उंचीने बुटकी होती. तिचा हात पोचावा म्हणून दीनानाथ वाकले.