माळकऱ्याची पोर आणि हॉटेलचं कॉलेज

खुशालरावांनी कॉलेजच्या स्वयंपाकघराच्या दारात चपला काढल्या आणि रागिणीने चटकन कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं.

स्वयंपाकघर म्हटलं की चपला बाहेर, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. घरच्या ओट्यापुढे काय, सप्ताहाच्या आचाऱ्यांमध्ये काय, हा माणूस पायात काही घालून कधी शिरला नाही. इथे आत पांढरे कोट घातलेली पोरं होती, शेगड्या धगधगत होत्या, फरशी ओली होती. त्या ओल्या फरशीवरून खुशालराव अनवाणी निघाले. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर कांजी केलेली टोपी.

"काका, चपला घाला," कॉलेज दाखवायला आलेले सर म्हणाले. "इथं चाकू पडतात, तेल सांडतं."

"राहू द्या जी. अन्न शिजते अथी."

रागिणीला वाटलं, आत्ताच बाबांचा हात धरावा आणि बाहेर ओढावं. कोपऱ्यात काय आहे ते तिला ठाऊक होतं. चार महिने ठाऊक होतं, आणि चार महिने तिने तोंड उघडलं नव्हतं.

अकोल्याच्या जुन्या शहरातलं त्यांचं घर माळकऱ्यांचं. खुशालराव टाळकरी, मोर्णा नदीच्या अल्याड-पल्याड कुठेही कीर्तन असो, मागच्या रांगेत त्यांचा टाळ असायचाच. या घराच्या उंबरठ्याच्या आत अंडंही कधी आलं नव्हतं. बारावी झालेल्या रागिणीला अमरावतीच्या या कॉलेजात दोन्हीकडे जागा मिळत होती, हॉटेल मॅनेजमेंटला आणि पर्यटनाला. उद्या त्यातलं एक पक्कं करायचं होतं. हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे गल्ल्यावर बसून कारभार पाहायचा, अशी खुशालरावांची समजूत. "आपली पोर मॅनेजर होऊन रायली," असं ते भजनी मंडळात सांगूनही बसले होते. तिने ती समजूत मोडली नव्हती.

कोपऱ्यातल्या टेबलावर कच्च्या मांसासाठी ठेवलेली लाल फळी होती. एक मुलगी, रागिणीएवढीच असेल, फळीवर कोंबडीचे सांधे सोडवत होती. सुरी सांध्यात शिरली, कट्ट आवाज झाला. खुशालराव जागीच थांबले.

"पहिल्या वर्षी हे सगळ्यांनाच असतं," सर कौतुकाने सांगत होते. "कोंबडी, मासे, अंडी. कापायचं, शिजवायचं, चव घ्यायची. स्वतः चाखल्याशिवाय ताट बाहेर पाठवायचं नाही, हा आमचा पहिला धडा."

खुशालरावांचा हात गळ्यातल्या माळेशी गेला. ते एवढंच म्हणाले, "बरं."

दाराबाहेर चपला घालताना त्यांचा अंगठा पट्ट्यातून दोनदा निसटला.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. एरवी गाडी सुटली की त्यांची बोटं पुढच्या सीटच्या दांडीवर ठेका धरायची आणि ओठांत अभंग असायचा. आज दोन्ही हात मांडीवर पडून होते. बडनेरा गेलं. बाबा रागावले असते, ओरडले असते, तर रागिणीला बरं वाटलं असतं. ते पडलेले हात तिला बघवेनात.

मूर्तिजापूरच्या अलीकडे ते बोलले. "तुले ठाऊक होतं?"

"हो."

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी येऊच दिलं नसतं, बाबा."

"वा! म्हंजे माह्या रागाचा निकाल बी तूच लावून टाकला." ते कडू हसले. "दुसरं घे ना पोरी. पर्यटन घे. लोकाईले मेळघाट दाखव, कौंडण्यपूर दाखव. त्यात काय वाईट हाय?"

"वाईट नाही. पण मले त्या चिखलदऱ्याच्या बाईसारखं व्हाचं हाय."

कोणती बाई, हे त्यांना सांगावं लागलं नाही. गेल्या हिवाळ्यात परतवाड्याहून वर चिखलदऱ्याला जाताना जीप बिघडली होती, रागिणीची आई पार्वताबाई तापाने फणफणत होती, आणि ज्या हॉटेलात ते शिरले तिथलं स्वयंपाकघर बंद झालं होतं. तिथली व्यवस्थापक बाई साडीचा पदर खोचून स्वतः आत गेली, आलं घालून पेज केली आणि वाटी रिकामी होईपर्यंत पार्वताबाईंजवळ बसली. ना ओळख ना पाळख. तुम्ही हे कुठे शिकलात, असं रागिणीने निघताना विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "चुलीपाशी. बाकी सगळं मागून."

खुशालरावांनी बाहेरच्या पऱ्हाटीवरून, कपाशीच्या पिकावरून, नजर तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "माळ मी नाही घातली तुले. सत्यवतीताईनं घातली. आज तिचं कीर्तन हाय. तिलेच सांग."

रागिणीने गळ्यातली माळ मुठीत धरली. बाबांची भीती एक होती, ही दुसरीच. सात वर्षांची असताना तिने सत्यवतीताईंच्या हातून माळ घेतली होती. त्यांच्या मंडळींची रीत अशी की मांसमच्छी न शिवण्याचा नेम सुटणार असेल तर माळ खुंटीला टांगायची नाही, नदीत सोडायची नाही. ज्याने घातली त्याच्याच हातावर नेऊन ठेवायची. अशी परत ठेवलेली माळ तिने अजून कोणाची पाहिली नव्हती. आणि ताईंची जीभ सगळ्या जिल्ह्याला माहीत. गेल्या सप्ताहात पुढे बसून तंबाखूचा खर्रा चघळणाऱ्या एका पुढाऱ्याला त्यांनी भर कीर्तनात उभं केलं होतं.

अकोल्यात उतरून बापलेक तडक देवळातच गेले. पार्वताबाई बायकांमध्ये जागा धरून बसली होती. "काय झालं वं? तोंड काहून असं उतरलं?" तिने विचारलं. रागिणी तिच्यामागे सरकून बसली. खुशालराव टाळ घेऊन मागच्या रांगेत उभे राहिले.

ताईंनी वीणा गळ्यात घातली आणि रुक्मिणीचं आख्यान लावलं. काय तो गळा! मृदंग तापला, टाळ एकात एक मिसळले, म्हातारीकोतारी माणसं डोलायला लागली. पण ज्या कीर्तनात रागिणी लहानपणापासून अंगभर भिजायची, ते आज तिच्या अंगावरून कोरडंच गेलं. तिला फक्त ताईंची नजर दिसत होती. ती बायकांच्या बाजूला वळली की रागिणी आईच्या खांद्याआड व्हायची. आता नाव घेतील. आता म्हणतील, ऊठ गं, सांग सगळ्यांना. पांडुरंगा, एवढं करू नको रे.

नाव कोणी घेतलं नाही. आरती झाली, पंगतीच्या पत्रावळ्या पडू लागल्या. खांबाशी टेकून ताई पाणी पीत होत्या. रागिणी त्यांच्या पायांवर वाकली आणि खाली मान घालूनच तिने सगळं सांगून टाकलं.

ताईंनी तांब्या खाली ठेवला. "खाशील का?"

"नाही, ताई."

"मंग?"

"कापावं लागते. अन् चव पाहावी लागते. जिभेच्या टोकावर का होईना."

"जिभेचं टोक जिभेतच येते, पोरी." ताईंचा आवाज कीर्तनातला नव्हता, घरातला होता. "मी तुह्या मनाले बरं वाटावं म्हून खोटं नाही सांगणार. हे करशील तर माळ गळ्यात राहत नाही. दुसरं शिकशील तर राहते. हे शिकली म्हून देव काही तुले टाकून देत नाही. पण माळ घालून लपूनछपून चाखशील, तर मी तुले कधी ओळख देणार नाही. सांग. काय करतं?"

आईचा हुंदका मागे ऐकू आला. रागिणीने मानेमागे हात नेला. केसांत अडकलेली गाठ लवकर सापडेना. ‘पर्यटन घेते’ म्हणून मोकळं व्हावं, असं एकदा ओठांपर्यंत आलं. मग गाठ सुटली. माळ ताईंच्या तळव्यावर ठेवताना तिला वाटलं, आपल्या अंगावर कपडेच नाहीत.

ताईंनी माळ कपाळाला लावली आणि पदराच्या टोकाला बांधली. "ठेवतो मी. परत मागाले कवाबी येजो," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले. "आता जा. पंगत बसली."

दर सप्ताहात वरणाची बादली रागिणीच्या हाती असायची. तिने सवयीने ती उचलली आणि थबकली. उघड्या गळ्याने वाढावं का? कोणी बादली काढून घेतली नाही. पहिल्या पानावर तिने वरण घातलं, दुसऱ्यावर घातलं. काही नजरा गळ्याशी अडकल्या, पुन्हा पानाकडे वळल्या. रांगेच्या शेवटी खुशालराव बसले होते. तिथवर पोचेपर्यंत बादलीचं ओझं दुप्पट झालं.

त्यांनी वर पाहिलं. गळा पाहिला. त्यांचा पंजा पत्रावळीवर आडवा होता, नको म्हणताना धरतात तसा. रागिणी पळी हातात धरून उभी राहिली. मागचा वाढपी भाजी घेऊन खोळंबला.

खुशालरावांनी पंजा काढून घेतला.

"वाढ," ते म्हणाले. "अन् मायले सांग, उद्या अमरावतीले जातानी डबा बांधून देजो म्हना. मी बी येतो."

तिने वरण वाढलं. थोडं पत्रावळीबाहेर सांडलं.