दोन टिचक्या

दीपालीने व्हिडिओ पुन्हा सुरुवातीला नेला. तिसऱ्या सेकंदाला चित्र किंचित हललं, लगेच आणखी एकदा. त्यासरशी प्लेटमधल्या अळ्या दचकल्या, थोड्या मागे सरकल्या आणि भराभर चालू लागल्या.

मिलिमीटरभर लांबीच्या या अळ्या कंपवाताच्या अभ्यासासाठी मुद्दाम लुळ्या जातीच्या घेतलेल्या. औषध दिलं की त्या जवळजवळ दीडपट चालतात, असं व्हिडिओतली हालचाल मोजणारा तिचा प्रोग्रॅम साडेचार वर्षं सांगत आला होता. आकडे इतके देखणे, की मूळ व्हिडिओ उघडून बघायची कोणाला गरजच वाटली नव्हती. सकाळी तिची ज्युनियर उत्कर्षा येऊन म्हणाली, तोच प्रयोग तीनदा केला, फरक शून्य. आधी प्लेट नीट धरायला शीक, असं दीपालीने तिला सुनावलं होतं.

आता चाळीस व्हिडिओ पाहून झाले होते. औषधाच्या प्रत्येक प्लेटमध्ये तो हादरा होता, बिनऔषधाच्या एकीतही नव्हता. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. कॅमेरा सुरू केला, की ती प्लेटच्या कडेवर नखाने दोन टिचक्या मारायची. चला, उठा. तेही औषध दिलेल्यांनाच, बाकीच्यांकडून तिची अपेक्षाच नव्हती. हादऱ्याने अळी पळते, हे पहिल्या वर्षाची पोरंही सांगतील. प्रोग्रॅमने बिचाऱ्याने ते पळणं इमानेइतबारे मोजलं होतं.

छापायला गेलेला पेपर मागे घ्यावा लागेल, असं तिच्या गाईड सरांना मेलवर कळवून ती उठली आणि खडकीच्या बसमध्ये बसली. बाबांना आजच सांगायचं होतं. उद्यापर्यंत तिला धीर धरवला नसता.

बाबा, म्हणजे रामदास, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांचा हात कापू लागला. पुढे पाय अडायला लागले. पण गेले वर्षभर ती दर शनिवारी घरी जायची तेव्हा ते चालत दारापर्यंत यायचे आणि किडे काय म्हणतात विचारायचे. ती सांगायची, तुमच्याहून जोरात पळतात. ते हसायचे. औषध येईपर्यंत बाबा तग धरतील, असं तिला दारात त्यांना बघून वाटायचं.

आज बुधवार होता. दार आईने उघडलं. बाबा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. उशाचा चहा साय धरून गार झाला होता.

"बरं नाही का त्यांना?"

आई गडबडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "रोजचं असंच आहे गं. शनिवारी दुपारपासून धरून धरून चालवते मी, तेव्हा कुठे तू येईस्तोवर दारापर्यंत येतात. दीपाला कळू द्यायचं नाही म्हणतात. तुझ्या अभ्यासात विघ्न नको."

दीपाली कॉटशी जाऊन बसली. चाहूल लागून बाबांनी मान वळवली. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला नि तसाच ओशाळला. थरथरत्या हाताने त्यांनी उठायला कॉटची कड धरली.

"किडे चालतायत ना?"

तिने त्यांची बोटं एकेक करून कडेवरून सोडवली आणि हात आपल्या मांडीवर घेतला.

"आज नका उठू, बाबा."

बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि मान पुन्हा उशीवर टेकवली.