माघातला रोवणा

"काऊन फोडते वो बांध? पानी वाहून जाईन ना सारा!"

लटारू ओरडत होता आणि रुखमाबाई खुरप्यानं चिखल उकरत होती. अंगणातल्या वाफ्याभोवती त्यानं पहाटेच वीतभर बांध घातला होता आणि नळाचा पाइप आत सोडून दिला होता. घोटाभर पाणी साचलं होतं, त्यात ती जांभळी फुलं मान टाकून पडली होती.

"हा धान नोहोय जी! किती डाव सांगू? याले पानी नाई चालत. पोरगी येऊन राह्यली आज!"

"धानाले पानी नाई चालत?" लटारू हसला. "डोस्कं फिरलं का तुयं?"

घ्या! डोकं कोणाचं फिरलं होतं ते चिमूरच्या त्या साऱ्या आळीला माहीत होतं. पुरतं माहीत नव्हतं ते फक्त लेकीला, दिव्यानीला, आणि तिला ते कळू नये म्हणून तर ही सगळी धडपड चालली होती.

दिवाळीत ही एकुलती एक लेक पुण्याहून आली, तेव्हा बापानं तिला आत्याच्या नावानं हाक मारली होती. पोरगी शहाणी, रडली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "आई, बाबा आणखी विसरायला लागले तर मी दोघांनाही पुण्याला नेणार. तुझं काही ऐकणार नाही." पुण्याला म्हणजे चौथ्या मजल्यावर. ज्या माणसाला सकाळी उठल्याबरोबर पायाखाली माती लागते, त्याला चौथ्या मजल्यावर!

तेव्हाच दिव्यानीनं ती रोपं आणली होती. थाईम म्हणतात. ओव्यासारखा वास, आणि जमिनीला धरून सतरंजीसारखं पसरतं. रुखमाबाईनं त्याचं नाव विलायती ओवा ठेवलं. लेकीनं बजावलं होतं, ऊन भरपूर हवं, पाणी बेतानं, मुळाशी पाणी साचलं की संपलं. रुखमाबाईनं ते जिवापाड सांभाळलं. आणि फोनवर काय सांगितलं? "बाबाच करतेत सारं. मी तं हात बी लावत नाई." एकदा बोलली आणि अडकली. दर फोनला लेकीचा आवाज खुलायचा. म्हणजे बाबांच्या लक्षात राहतं! खोट्याचं असंच असतं, एकाला जेवू घालावं तर दहा पंगतीला येऊन बसतात.

माघ लागला, वाफा जांभळा झाला, आणि इकडे लटारूच्या डोक्यात धान उगवलं. शेत ठेक्यानं देऊन कितीतरी वर्षं झाली होती. लेकीचं तोंड विसरणारा हा माणूस बांध घालायला मात्र विसरत नव्हता. रोज तो घालायचा, रोज ती फोडायची.

"हे पाहा, खुर्चीवर बसा. हलू नोका. मी सैपाक उरकून येतो."

"जा न वो. मी का लहान लेकरू हाव?"

वांग्याची भाजी झाली, भाकरी झाल्या, आणि फोन वाजला. "आई, बसमधून उतरले. ऑटोत बसते." हात पुसत रुखमाबाई बाहेर आली आणि तशीच दारात उभी राहिली.

वाफ्यात एक रोप उरलं नव्हतं. लटारूनं सगळा विलायती ओवा मुळासकट उपटला होता. मूठमूठ करून, तणसाच्या काडीनं बांधून त्याच्या नीट पेंढ्या लावल्या होत्या. बांध पुन्हा उभा होता, पाइप पुन्हा आत होता, आणि धोतर गुडघ्यावर खोचून तो चिखल तुडवत होता.

"अजी, हे का केलं वो! का केलं हे!"

"पऱ्हे काढले," तो म्हणाला. "रोवणा नाई कराचा का?"

माघात रोवणा! धानाची लावणी म्हणजे आषाढातलं काम! रुखमाबाई पायात चपला सरकवून धावली आणि तशीच चिखलात गुडघ्यावर बसली. एक पेंढी सोडवून रोपं भराभर खोचू लागली. ती काही उभी राहीनात. तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला.

"मीच उपटलं वो माय," लेकीनं काही विचारायच्या आतच ती बोलून गेली. "जागा बदलावं म्हनलं. बाबा तं नाई म्हनत होते."

दिव्यानी पेंढ्यांकडे बघत होती. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पुरुषांनी काढून बांधायची आणि रोवणा बायांनी करायचा, हे झाडीपट्टीतल्या पोरीला कोणी शिकवावं लागत नाही. आईनं जन्मात पेंढी बांधली नव्हती. खोटं तिथंच उघडं पडलं.

"उशीर काऊन केला वो बाई?" लटारू तिच्यावर खेकसला. "बाकीच्या कुठी हायेत?"

दिव्यानीनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. बाई म्हणजे तीच, रोवण्याला आलेली.

"आन् चपला बाहेर काढ. बांधीत चपला नाई चालत."

आता ही रडेल, नाहीतर आपल्यावर बरसेल, असं रुखमाबाईला वाटलं. दिव्यानीनं बॅग ओसरीवर ठेवली. सँडल बांधाबाहेर काढले, सलवार वर खोचली आणि ती चिखलात उतरली.

"कोनत्या कोन्यातून लावू, भाऊ?"

भाऊ! जन्मदात्या बापाला!

"इकडून घे. आन् ओळ सरळ धर."

ती वाकून लावत गेली, तो मागून पेंढ्या टाकत गेला. मधेच त्यानं विचारलं, "नाव का तुयं?"

"दिव्यानी."

"अस्सं!" त्याचा चेहरा उजळला. "माह्या पोरीचं बी हेच नाव हाय. पुन्याले रायते. आज येऊन राह्यली ते. तिच्या आंधी उरकला पायजे रोवणा. नाई तं म्हनन, बाबाकून आता काई होत नाई."

दिव्यानीचे हात थांबले. मान वर न करताच ती म्हणाली, "होते, भाऊ. पोरगी यायच्या आंधी होऊन जाते."

"दिव्यानी," रुखमाबाई म्हणाली, "मी खोटं बोलत होतो वो. बाबाले काईच समजत नाई आता. पेटी भरतो मी. ने आमाले."

"पेटी मंग भर, आई. आंधी रोवणा होऊ दे."

रुखमाबाईनं डोळे पुसले. लेकीच्या सँडलशेजारी आपल्या चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि एक पेंढी उचलली. लटारू बांधावर जाऊन उभा राहिला. तो दोघींच्या ओळी बघत होता, आणि मधूनमधून फाटकाकडे.